ईवाईंचा सारस

गोंदियाला समुद्र नाही, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तरीही मी किनाऱ्याचा पहारेकरी आहे. उन्हाळ्यात आमचा तलाव मागे सरकला की चिखलाचा रुंद काठ उघडा पडतो. त्यातला सांडव्यापासून मोहाच्या झाडापर्यंतचा तुकडा माझ्याकडे. रविवारी उजाडताना जायचं, कोणते पक्षी उतरलेत ते पाहायचं आणि मोबाइलच्या ग्रुपवर कळवायचं. पगार नाही, चहासुद्धा घरचाच. नागझिऱ्यात वाघासाठी लोक जीपा भरभरून येतात. आमच्या बगळ्यांना आम्ही दोघेच.

दुसरे म्हणजे माझे ईवाई. तिकडे पुण्याकडे ज्यांना व्याही म्हणतात, ते. तलावापलीकडच्या गावात माझी मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. पक्षी मोजण्याचं काम पाहणाऱ्या ताईंना दोन्ही गावांचा एकेक माणूस हवा होता, त्यांनी आमची जोडी लावून दिली. दोघांना पटेल तेच ग्रुपवर टाकायचं, असा नियमही करून टाकला. ताई शहरातल्या. ईवाईपण काय असतं, त्यांना कुठून कळणार?

मुलीच्या बापाने ईवाईंना ‘नाही’ म्हणायचं नसतं. लग्नात ते म्हणाले मांडव लहान झाला, मी म्हटलं हो. ते म्हणाले भाजीत मीठ नाही, मी म्हटलं हो. मीठ चांगलं होतं, मी दोनदा चाखलं होतं. पण मला वाटायचं, माझा उलटा शब्द तलाव ओलांडून जाईल आणि माझ्या पोरीच्या ताटात पडेल. पोर म्हणजे गरीब गाय. लहानपणी दुकानदाराने कमी तोललं तरी मुकाट्याने घेऊन यायची. त्या घरात ती कशी राहत असेल, या विचाराने माझा जीव खाली-वर व्हायचा. म्हणून रविवारी मी ईवाईंची बडदास्त ठेवत असे. दुर्बीण एकच होती, ती त्यांच्या गळ्यात. थर्मासमध्ये चहा त्यांच्या आवडीचा, म्हणजे साखर अशी की मुंगी बुडून मरावी.

ईवाई आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. आवाज अजून तसाच. पाणकावळ्यांना ते बदकं म्हणायचे, मी म्हणायचो हो. ताई ग्रुपवर विचारायच्या, “काका, नक्की?” मी हात जोडलेलं चित्र पाठवायचो.

पण सारसाची गोष्ट वेगळी होती. माझ्या लहानपणी याच काठावर सारसांची जोडी यायची. माणसाएवढे उंच, डोकं लाल, आणि ओरडले की घराघरात ऐकू जायचं. मग यायचे थांबले. मी या कामाला हो म्हटलं ते त्यांच्यासाठीच. पुन्हा एकदा तरी दिसावेत, एवढीच इच्छा.

त्या रविवारी ईवाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि बस थांबवावी तसे ओरडले, “ईवाई! सारस! सारस होय जी!”

मी टाचा उंचावून पाहिलं. पल्याड गवतात काहीतरी उंच, राखाडी उभं होतं.

“पाहून का राहिले? टाका ना ग्रुपवर!”

मी मोबाइल काढला. तेवढ्यात त्या आवाजाने दचकून पक्षी उडाला, आणि उडताना त्याने मान दुमडून खांद्यात घेतली. सारस उडतो तो मान लांब करून. मान दुमडतो तो बगळा. हे मला आणि ताईंना माहीत होतं, ईवाईंना नव्हतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर ईवाई खूश, दोन्ही गावं खूश. पण खोटा सारस लिहिणं म्हणजे खऱ्या सारसांना कायमचं हाकलणं, असं मला वाटलं.

“नाही जी, ईवाई,” मी म्हणालो. “बगळा होय तो.”

ईवाईंनी दुर्बीण खाली केली. आम्ही तलावाच्या पाळीवरून चालत मोहाखाली आलो. मी घाबरून चहा ओतला. त्यांनी तो एका दमात संपवला.

“लगन झालं तवापासून,” ते म्हणाले, “आज पयल्यांदा तुमी मले नाही म्हनलं.”

“चुकलं जी.”

“चुकलं कायले? बगळा तं बगळाच. अन् तुमची पोरगी तं मले रोजच नाही म्हन्ते. बिडी काढली, नाही. डाक्टरनं साखर बंद केली, तं चहात चिमूटभर मागतली तरी नाही! मी म्हनो, बाप असा हो-हो करनारा, अन् हे कोनावर गेली?”

माझी गरीब गाय! मग मी इतका हसलो की काठावरचे उरलेले पक्षीही उडाले.

ईवाईसुद्धा हसले. मग आजूबाजूला पाहून त्यांनी आवाज खाली आणला, आणि तो खाली येतो हे मला तेव्हाच कळलं.

“खरं सांगू? मी रविवार चुकवत नाही तो तुमच्या या गोड चहापायी. वता अजून एक कप.”

मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

“नाही,” मी म्हणालो.