आमचा ठिपका

मुलांच्या वाढीचा अभ्यास आमच्या संस्थेत वर्षानुवर्षं चाललाय. त्यात काय आढळलं ते पालकांना समजावून सांगणं, हे माझं काम. गेल्या वर्षी मांजरी गावातल्या पालकसभेत एक आजोबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. वाटलेल्या पत्रकातल्या आलेखात अभ्यासातल्या प्रत्येक मुलाचा एक ठिपका होता. त्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "मॅडम, यात आमची नात कुठं हाय?"

नावं गुप्त असतात, असं मी दोनदा सांगितलं. आलेखावरचं बोट हटेना. शेवटी गोंधळून मी एका ठिपक्यावर पेन टेकवलं. त्यांनी त्याभोवती गोल काढला आणि पत्रक जपून खिशात ठेवलं.

यंदा तेच पत्रक घेऊन ते पहिल्या रांगेत बसलेत.

"आता कुठवर आली?"

माझ्या हातात नवा आलेख आहे. आणि पेनही.