रास मोजणाऱ्याचे पाय

देवाजी गावच्या राशी मोजायचा. धान आता मशीन काढते, पण खळ्यावर रास लागली की पहिली पायली भरायला अजून माणूसच लागतो, आणि जंगलाच्या वाटेवर, मोहर्लीच्या अलीकडच्या त्या गावात तो माणूस देवाजी होता. पाय धुवायचे, अनवाणी खळ्यात शिरायचं, वाकून राशीला हात लावायचा, मग पायली भरायची. पहिलीला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. पायली शिगोशीग भरली पाहिजे आणि दाणा सांडता कामा नये. देवाजीच्या हातून सांडत नसे. त्याला स्वतःचं शेत नव्हतं. जन्मभर त्यानं रस्त्याच्या कामावर मुरूम खोदला, पसरला, दाबला. गावात त्याला मान होता तो एवढाच, वर्षातून काही दिवसांचा, आणि तो त्याला पुरत होता.

रस्त्याचं काम सुटल्यावर तो सफारीच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या एका रिसॉर्टवर लागला. झाडणं, पाणी देणं, खड्डे खोदणं. दिवाळीच्या आधी तिथला मॅनेजर प्रवीण यानं त्याच्याकडून एक लांबट, कमरेएवढा खोल खड्डा खोदून घेतला, त्यात जाड ताडपत्री अंथरली आणि वर पाटी लावली: ‘पाण्यावर धावा’.

देवाजीनं विचारलं, खरंच धावता येते का. प्रवीण तसा सरळ पोरगा होता. खऱ्या पाण्यावर नाही येत, म्हणाला. परदेशात एक सरडा आहे, तो मागच्या पायांवर धावत पाणी ओलांडतो, कारण तो हलका आणि त्याचे पाय भराभर पडतात. माणसाला तसं करायचं तर त्याच्या अंगात आहे त्याच्या पंधरापट जोर लागेल, असं शिकलेल्या लोकांनी हिशेब करून काढलं आहे.

देवाजीला हे पटलं. एका माणसाचा जोर किती असतो हे त्याला माहीत होतं. मुरमाच्या खाणीत सकाळी किती असतो आणि दुपारनंतर त्यातला किती उरतो, हेही माहीत होतं. पंधरा जणांचा जोर एका अंगात मावत नाही. म्हणजे माणूस पाण्यावर धावणार नाही, आज नाही आणि पुढंही नाही. मग पाटीवर तसं का लिहिलं, हे त्यानं विचारलं नाही.

खड्ड्यात घालायला ट्रॅक्टरभर पोती आली. आत पांढरी, मऊ भुकटी. स्टार्च आहे, प्रवीण म्हणाला. स्टार्च देवाजीला ठाऊक होता. तालुक्याचा लाँड्रीवाला पुढाऱ्यांच्या कपड्यांना लावतो तो.

भुकटी पाण्यात कालवायचं काम त्याचं. असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. फावडं जोरात मारलं तर दगडावर मारल्यासारख्या हाताला झिणझिण्या येत. तेच फावडं सावकाश सोडलं तर दह्यात गेल्यासारखं आत जाई. रात्रभरात सगळं तळाशी बसून घट्ट होई आणि सकाळी पुन्हा उकलावं लागे. दोन दिवस त्यानं फावड्यानं झुंज घेतली. तिसऱ्या दिवशी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि धान रोवण्याआधी बांधीतल्या पाण्यात चिखल करतात तसा पायांनी तुडवायला लागला. टाच हळू घालायची, बोटांनी तळ उकलायचा, हळू काढायची. न्याहारीच्या वेळेपर्यंत खड्डा एकसारखा झाला. एक गाठ नाही. तो काठावर चढला, तिथून पुन्हा उतरला आणि पळाला. पाय वरच्या वर राहिले. पलीकडच्या काठावर पोचून मागं पाहिलं तर त्याच्या पावलांचे ठसे हळूहळू मिटत होते.

पाहुणे धावायचे, हसायचे, फोटो काढायचे. मधे थांबला तो खचायचा. थांबू नका, एवढंच देवाजी सांगे. काठावर सांडलेल्या वाळक्या पांढऱ्या थरावर मुंग्यांची रांग लागे. ती तो रोज झाडून काढी.

गावात चहाच्या टपरीवर गुणवंतरावाशी त्याचं खटकलं. गुणवंतराव दहा एकरांचा मालक, देवाजीच्या वयाचा. दरवर्षी पहिली रास त्याचीच मोजली जाई. तो म्हणाला, पाण्यावर पाणकिडे चालतात, माणूस चालतो म्हणणारा एक तर बुवा असेल नाहीतर पिऊन आलेला. ते साधं पाणी नव्हे, मी तयार केलेलं आहे, असं देवाजीनं सांगून पाहिलं. टपरीवाला म्हणाला, देवाजीभाऊ मुरूम दाबता दाबता आता पाणीही दाबून राह्यले. सगळे हसले.

“पयले येऊन पाहा,” देवाजी म्हणाला. “मंग हसा.”

प्रवीणला विचारून त्यानं पाहुणे नसतील अशा सकाळी गावच्या पाचसात जणांना बोलावलं. बायको चंदाही आली. पहाटेच जाऊन त्यानं खड्डा तुडवून ठेवला होता, नेहमीपेक्षा जास्त वेळ. सगळे काठावर उभे राहिले. तो एकदा पळत गेला, पळत आला. गुणवंतरावाचं तोंड उघडंच राहिलं. देवाजी तिसऱ्यांदा निघाला, तेवढ्यात चंदा काठाशी बसून म्हणाली, “इथी मुंग्या काऊन लागल्या?”

तिनं वाळका थर नखानं खरवडला आणि जिभेवर ठेवला.

“पीठ हाये हे,” ती म्हणाली. “मक्याचं.”

देवाजी मधेच थांबला.

चंदा उठली नाही. बसल्या बसल्या तिनं पायातल्या चपला काढल्या, मागं सारल्या आणि खड्ड्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावला. खळ्यावर धानाला करतात तसं. मग गुणवंतरावानं चपला काढल्या. मग बाकीच्यांनी, एकेकानं.

देवाजी खचत होता. घोटे गेले, पोटऱ्या गेल्या. त्यानं हिसका देऊन पाय ओढला, तर पिठानं तो आणखी आवळला. हळू काढायचा असतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण सगळे पाहत असताना हळू काढणं जमेना. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी गुणवंतराव काठावर वाकला आणि हात पुढं केला. तो धरून देवाजी बाहेर आला. गुडघ्याच्या वरपर्यंत पांढरा.

परतताना गुणवंतराव एवढंच म्हणाला की ट्रॅक्टरभर पीठ होतं. चंदा मागून चालत होती.

घरी तिनं पाय धुवायला पाणी दिलं. सुकलेलं पीठ सहज निघालं. त्यानं आपणहूनच सांगितलं, “मले माईत नोतं.”

“मुंग्या तं दिसत होत्या तुमाले,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. दुसरं काम नव्हतं. त्यानं प्रवीणला विचारलं, हे पीठ आहे का. प्रवीण म्हणाला, हो, मक्याचं सत्त्व, मी सांगितलं होतं ना, स्टार्च. यात त्याला काही वाटलं नाही आणि वाटावं असं देवाजीला सांगताही आलं नाही. त्या दिवशी तो फावड्यानंच कालवत राहिला. दुपारपर्यंत कालवलं, तरी तळाच्या गाठी राहिल्या. एक पाहुणीबाई मधेच खचली आणि रडकुंडीला आली. प्रवीण रागावला नाही. देवाजीभाऊ, पायांनीच करा ना, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही, एवढंच म्हणाला.

देवाजीनं चपला काढल्या आणि उतरला. टाच हळू घातली, बोटांनी तळ उकलला. काम पहिल्यासारखंच चोख झालं. याचीच त्याला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. निदान हलगर्जीपणा तरी करायचा होता.

थंडी वाढेपर्यंत तो रोज तुडवत होता. मग पीठ आंबलं, वास सुटला, पाहुणे नाक धरू लागले. नाल्यात सोडून द्या, असं ठरलं. त्या नाल्यावर गावची गुरं पाणी पितात. देवाजीनं कुंपणापलीकडे दुसरा खड्डा खोदला, बादल्यांनी सगळं त्यात नेऊन ओतलं आणि वर माती लोटून दाबली. ती मजुरी त्यानं मागितली नाही. घेतली असती तरी कोणी नाही म्हटलं नसतं.

पौषात गुणवंतरावाच्या खळ्यावर रास लागली. निरोप आला तसा देवाजी गेला, चंदाही गेली. नारळ फोडून झाला होता, उदबत्ती लावलेली होती, पायली राशीशी ठेवलेली होती. देवाजीनं हातपंपावर पाय धुतले. घरून धुऊन आला होता, तरी धुतले. खळ्याच्या कडेशी आला आणि उभा राहिला.

गुणवंतरावाच्या ते ध्यानात आलं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “त्या दिवशी तुले काय मालूम होतं, देवाजी. आमी कोणी मनात ठेवलं नाई. चल, मोज.”

एवढ्यावर आत जाता आलं असतं. गावाला तेवढंच माहीत होतं. देवाजीनं चंदाकडे पाहिलं. ती राशीकडे पाहत होती.

“मालूम झाल्यावरही तुडवलं,” तो म्हणाला. “महिनाभर. रोज.”

गुणवंतरावानं त्याच्या पायांकडे पाहिलं. तो रागावला होता की त्याला कीव आली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग तो वळला, राशीपाशी बसला आणि त्यानं स्वतःच पायली उचलली. ती भरायची सवय त्याला नव्हती. त्यानं ती धानात खुपसून भरली, ओतायला उचलली तशी ती कलली आणि शीग ओघळली. “लाभ,” तो म्हणाला, जरा मोठ्यानं.

मशीननं उडवलेले दाणे खळ्याबाहेर गवतात पडले होते. देवाजी तिथं उकिडवा बसला आणि एकेक वेचून ओंजळीत घेऊ लागला. ओंजळ भरली की तो खळ्यात पाय न घालता कडेवरून हात लांब करी, आणि चंदा आतून येऊन आपल्या पदरात ते घेई व राशीवर नेऊन टाकी.