कलम सातची रिकामी ओळ

मी अर्जनवीस आहे. नगरच्या एका कचेरीबाहेर लिंबाखाली माझे टेबल गेली बावीस वर्षे आहे. शिक्षण नववी नापास, ही बाब मी आजवर कोणत्याही कागदावर येऊ दिलेली नाही. परंतु माझ्या मसुद्यात वकील मंडळीही सहसा हात घालत नाहीत, एवढे सांगणे भाग आहे. लोक समोर बसून हकीकत सांगतात आणि मी लिहिलेला कागद न वाचता खाली सही किंवा अंगठा करतात. त्या न वाचता केलेल्या सहीवर माझे घर चालते.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताईंनी मोबाईलवर महिला हॉकीचे सामने पाहता पाहता एक खेळ काढला. आवारातल्या आम्ही आठ जणांनी कागदावर आपापला संघ निवडायचा, प्रत्येकी नऊ खेळाडू. मैदानावर त्या मुलींनी गोल केला किंवा अडवला की गुण आमच्या कागदावर जमा. एक खेळाडू एकाच्याच संघात. नियमावली लिहिण्याचा मान अर्थातच माझ्याकडे आला आणि मी अकरा कलमांची नियमावली तयार केली.

त्यातले सातवे कलम मोकळ्या खेळाडूंचे. ज्या खेळाडूला आठांपैकी कोणीच निवडलेले नाही, अथवा निवडून सोडून दिले आहे, ती मोकळी. ती हवी असेल तर शनिवारपर्यंत ताईंच्या दुकानातल्या डब्यात अर्ज टाकायचा; सोमवारी सकाळी चहाच्या वेळी डबा उघडायचा. एकीसाठी दोन अर्ज आले तर गुणतक्त्यात जो खाली असेल त्याला ती मिळावी, म्हणजे मागे पडलेल्याला हात मिळतो. मात्र संघात नऊच जण राहावेत म्हणून तिच्या बदल्यात आपण कोणाला सोडतो, ते नाव अर्जात हवेच. नाव नसेल तर अर्ज बाद. ही शेवटची अट माझी स्वतःची आणि तिचा मला फार अभिमान होता.

गंमत अशी की आठांपैकी सहा जण हे अर्जही माझ्याकडूनच लिहून घेत. सगळ्यांना लिहिता येते; पण माझ्या हातचा नसेल तर तो अर्जच नव्हे, अशी आवाराची सवय.

आमच्यात एक निवृत्त हवालदार होते. जमिनीच्या नोंदीसाठी वर्षभर खेटे घालता घालता माझ्या बाकावरचेच झालेले. पलटणीत असताना ते गोलकीपर होते आणि निवृत्तीनंतर भिंगारच्या मैदानावर त्यांनी एका मुलीला गोल राखायला शिकवले होते. ती मुलगी मोसमाच्या मध्यावर एका जायबंदी खेळाडूच्या जागी अचानक मोठ्या संघात गेली. उशिरा आल्यामुळे आमच्यापैकी कोणाकडेच ती नव्हती. मोकळी.

शनिवारी दुपारी हवालदार आले ते हसतच.

"भाऊसाहेब, लिवा. माझी पोर आली बघा! फोनवर तिला शब्द दिलाय, म्हनलं, तिकडं तुला खेळवू द्या नाय तर बसवू द्या, नगरच्या संघात तू माझी."

"बदल्यात कोणाला सोडता?"

"ती डावीकडची बचाववाली. लई धसमुसळी हाय."

हवालदार तक्त्यात शेवटचे होते, म्हणजे मुलगी त्यांचीच. मी दुसरा होतो. पहिल्या होत्या झेरॉक्सवाल्या ताई, ज्या रोज सकाळी मला विचारत, "काय भाऊसाहेब, कलमं लिहून गुण मिळत नाहीत वाटतं?" माझी गोलकीपर दर सामन्यात चार-चार गोल खात होती.

मी अर्ज लिहिला. "मुक्त करावयाच्या खेळाडूचे नाव" असे स्वच्छ अक्षरात लिहिले आणि त्यापुढची ओळ रिकामी ठेवली. घाई झाली नव्हती. विसरलो नव्हतो. हवालदारांनी न वाचता सही केली. कार्बनची प्रत मी सवयीने त्यांच्या हाती दिली, आणि ते गेल्यावर माझा अर्ज लिहिला. तो पूर्ण होता.

सोमवारी डबा उघडून मीच अर्ज वाचले.

"हवालदारांच्या अर्जात त्रुटी आहे. कलम सातनुसार बाद."

"अहो, माणूस समोर बसलाय की!" ताई म्हणाल्या. "विचारा ना, कोणाला सोडायचंय ते. हे काय हायकोर्ट आहे?"

"नियम सर्वांना सारखा, ताई."

हवालदार उठून उभे राहिले. "बराबर हाय. कागदात न्हाई म्हंजे न्हाई."

मुलगी माझ्या संघात आली. तीन आठवडे ती भिंतीसारखी उभी राहिली आणि मी ताईंच्या वर गेलो. प्रत्येक सामन्यानंतर तिचा हवालदारांना फोन येई. "सर, आज तुम्हाला किती गुण दिले मी?" हवालदार माझ्या बाकावर बसूनच उत्तर देत, "लई दिलेस, पोरी, लई," आणि फोन ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत. त्यांचा कागद खिशात असे. त्यावर ती नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात ते माझ्याने ऐकवेना. मी तिला सोडत असल्याचा अर्ज डब्यात टाकला आणि हवालदारांना म्हणालो, "ती मोकळी होतेय. नवा अर्ज लिहू या."

"नवा कशाला?" त्यांनी प्लॅस्टिकच्या फायलीतून जुनी कार्बन प्रत काढली. घडीवर घडी, पण जपलेली. "एवढी जागाच तर भरायची ऱ्हायलीय. तारीख बदला, झालं."

त्यांचे बोट नेमके त्या ओळीवर होते.

"तुम्ही हे पाहिलं होतं?"

"त्याच दिवशी. घरी जाऊन चष्मा लावला."

"मग सोमवारी बोलला का नाहीत? मी तिथंच होतो, डबा तिथंच होता."

"चार मानसांत?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "भाऊसाहेब, लोकं तुमच्या टेबलावर न वाचता सही करत्यात. मी तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कोन बसलं असतं हितं?"

माफी मागण्यासाठी लागणारी सर्व शब्दरचना मला पाठ आहे. लोकांसाठी ती मी शेकडो वेळा लिहिली आहे. त्या दुपारी मी फक्त त्या डावीकडच्या बचाववालीचे नाव लिहिले, तारीख बदलली आणि कागद त्यांच्याकडे वाचायला सरकवला. त्यांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला. बाकावर पाळीसाठी बसलेल्या दोन बाया आमच्याकडे बघत होत्या.

सोमवारी ताई म्हणाल्या, "अगंबाई! जिंकत असताना सोडलं? भाऊसाहेब, मोठ्या मनाचे निघालात!"

हवालदार चहाच्या कपात बघत राहिले. आजतागायत ताईंचा तो समज मी दुरुस्त केलेला नाही.

त्या आठवड्यातल्या सामन्यानंतर फोन आला. "सर, आज किती?"

हवालदारांनी खिशातून कागद काढला, बोट ठेवून ओळ शोधली आणि पहिल्यांदाच खरा आकडा वाचून दाखवला.