उजव्या आरशातली जागा

समडोळीच्या मदन मगदूमांनी आयुष्यात एकच गोष्ट नेमानं केली, ती म्हणजे ऊस ओढला. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की फडातून कारखान्यावर आणि कारखान्यावरून फडात, मागे दोन ट्रॉल्या आणि डोक्यावर पांढरी टोपी. सांगली भागात ट्रॅक्टरवाले पायलीचे पन्नास मिळतील. पण ज्याच्या मागून जाताना मोटारसायकलवाल्याला देव आठवत नाही, असा एकच. अचानक ब्रेक मारणं हे मदनआण्णांच्या मते वाईट वळण होतं. बोलण्याचंही तसंच. बायकोची, चंदनबालाकाकूंची, दहा वाक्यं झाली की आण्णांचं एक निघायचं आणि तेही बहुतेक वेळा 'बघू' एवढंच असायचं.

अशा माणसाच्या घरी स्वप्नाली जन्माला आली. शाळेत जायला घेऊन दिलेल्या सायकलवरून ही पोर उतरायलाच तयार नव्हती. चौदा वर्षांची असताना ती एकदा बापाच्या ट्रॉलीमागं लागली आणि तिला शोध लागला, की ट्रॉलीच्या आडोशाला वारा लागत नाही आणि एरवी विसाच्या वेगाला दमणारे पाय तिथं तिसाच्या वेगानं चालतात. शहरातल्या पोरांना एवढं शिकवायला पगारी कोच लागतो. हिला ऊस ओढणारा बाप पुरला.

आण्णांनी आधी दटावलं, मग दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी हार मानून अट घातली. त्यांच्या ट्रॅक्टरला आरसा एकच होता, उजवीकडचा. डावीकडचा एका बाभळीला लागून फुटला तो फुटलाच. आज बसवू, उद्या बसवू करता करता ते राहूनच गेलं.

"मागनं यायचं तर उजव्या अंगाला ऱ्हायचं," आण्णा म्हणाले. "मला आरशात दिसली पायजेस. दिसली न्हाईस तर मी ट्रॅक्टर उभा करणार."

त्यांच्या हिशेबी हे भाषणच झालं. पोरीनं ते अक्षरशः पाळलं. समडोळी ते कारखाना, रोज, हंगामच्या हंगाम, त्या उजव्या आरशात एक घामेजलेला चेहरा हलत राहिला. रस्ता सरळ लागला की आण्णा आरशात बघून एक बोट वर करायचे, मागून तीही एक बोट वर करायची. बापलेकीचं सगळं बोलणं त्या दोन बोटांत व्हायचं.

पुढं स्वप्नाली मोठी सायकलपटू झाली. जिल्हा झाला, राज्य झालं, मग पगार देणारा संघ मिळाला. सपाटीवर तिला तोड नव्हती. वाऱ्याच्या तोंडाला ती तासभर अशी जायची, की मागच्या पोरी नुसत्या तिच्या आडोशानं तगायच्या. पण सायकलच्या शर्यती सपाटीवर संपत नाहीत, घाटात संपतात. आणि घाटात होती संयोगिता भिलारे.

संयोगिता पाचगणीजवळच्या भिलारची. घरची स्ट्रॉबेरी, आजा-चुलते सगळे फौजेत, आणि अंगानं अशी हलकी, की घाट चढताना हिला वजन आहे की नाही अशी शंका यावी. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट म्हणजे तिच्या घरची वाट. तिथल्या शर्यतीत नऊ वर्षं ती पहिली आली आणि नऊ वर्षं स्वप्नाली दुसरी. पेपरवाल्यांनी दोघींचं हाडवैर लावून दिलं होतं. वैर होतंच, ते काही खोटं नाही. पण दर जानेवारीला भिलारहून समडोळीला स्ट्रॉबेरीची पेटी यायची. चंदनबालाकाकू नाक मुरडत तिचा मुरंबा करायच्या आणि वैरिणीच्या घरचा म्हणून जरा जास्तच खायच्या.

या फेब्रुवारीत स्वप्नालीनं घरी सांगितलं, की ही शेवटची शर्यत. एकोणतीस पूर्ण झाली. मार्चपासून पतियाळ्याला कोच होण्याचं शिक्षण घ्यायला जायचं. पाच दिवसांच्या शर्यतीत चौथा आणि पाचवा असे दोन्ही दिवस पसरणीचा घाट होता. म्हणजे तो घाट जिंकायच्या दोनच संधी उरल्या होत्या.

आण्णांनी आजवर तिची एकही घाटातली शर्यत पाहिली नव्हती. फेब्रुवारीत ऊस सोडून कोण जातं? पण या वेळी त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली पुतण्याच्या, गोमटेशच्या, हातात ठेवली, टोपी नीट केली आणि दशम्यांचा डबा घेऊन एसटीनं वाई गाठली.

चौथ्या दिवशी ते घाटातल्या एका वळणावर जाऊन उभे राहिले. तिथून खालचा रस्ता दोन-तीन वळणांपर्यंत दिसतो. शेजारी वाईचे बाळासो म्हणून एक निवृत्त हवालदार दुर्बीण घेऊन उभे होते. या माणसाला न विचारता माहिती द्यायची सवय होती.

"आता बघा," बाळासो म्हणाले. "ती निळी म्हंजी भिलाऱ्याची पोरगी. तिच्या मागं ती तांबडी, सांगलीची. म्होरं जी शिवांजली हाय, ती तांबडीच्याच संघाची. तिनं पायथ्यापास्नं वारा खाल्ला, आता ती दमून सुटणार."

तसंच झालं. शिवांजली दमून बाजूला झाली आणि दोघीच उरल्या. पुढं संयोगिता, मागं स्वप्नाली. मागं म्हणजे अगदी चाकामागं नाही. जरा उजव्या अंगाला.

आण्णांनी मान पुढं काढून पाहिलं. ती जागा त्यांच्या ओळखीची होती.

"दर वर्सी ह्येच," बाळासो हळहळले. "तांबडी उजवीकडंच बसती. आता निळी हळूच उजवीकडं सरकंल, हिला कठड्याला दाबंल आणि डावीकडनं उठंल, म्हंजी पायडलवर उभी ऱ्हाऊन सुटंल. हिला मग मागनं वळसा घालून यावं लागतंय. तवर ती दोन सायकली फुडं. घाटात दोन सायकली म्हंजी दोन कोस. नऊ वर्सं बघतोय गड्या मी. कुणी सांगत कसं न्हाई ह्या पोरीला?"

बाळासोंचं बोलणं संपायच्या आत संयोगिता उजवीकडे सरकली, कठड्यापाशी स्वप्नालीची वाट बंद केली आणि डावीकडून पाखरासारखी निघून गेली. हातच्या काकणाला आरसा कशाला? सगळं डोळ्यांसमोर होतं. स्वप्नाली दहाव्यांदा दुसरी आली.

"पोरगी कुणाची म्हनं ही?" बाळासोंनी सहज विचारलं.

आण्णांना 'माझी' म्हणवेना. ते डबा काखेत मारून घाट उतरू लागले.

मगदूमांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. त्यामुळं बाकीच्या पोरी अंघोळी करत होत्या तेव्हाच बापलेक वाईच्या मुक्कामाच्या गच्चीवर उन्हात ताटं घेऊन बसले होते. स्वप्नाली दशमी मोडून ताटात नुसतीच फिरवत होती. आण्णांनी दोन वेळा घसा साफ केला. सरळ सांगावं तर पोरगी म्हणणार, एवढी वर्षं कुठं होता? आणि ते खरंच होतं.

"तू उजवीकडं का बसतीस गं?"

स्वप्नालीनं मान वर केली नाही. "कोच बी सांगून दमलं, आण्णा. सपाटीला बसते की मी डावीकडं, मधी, कुठं बी. पर घाटात दम लागला, डोळ्यापुढं अंधारी आली, की सायकल आपसूक तिकडं जाती. तिथं बसलं की बरं वाटतं. का, ते न्हाई सांगता येत."

आण्णांना सांगता येत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ज्या जागेवर आपण पोरीला जपलं, त्याच जागेवर ती दर वर्षी हरत होती. आणि कशापायी? तर बाभळीनं फोडलेला एक आरसा आपल्याच्यानं बसवून झाला नाही म्हणून. माणसाच्या आळसाचं बिल कुणाच्या नावानं निघेल, काही सांगता येत नाही.

"तिथनं तू मला दिसतीस, म्हणून," ते म्हणाले. "म्या बसिवलंय तुला तिथं. चुकलं माजं."

स्वप्नालीनं आता मान वर केली. मग तिला हळूहळू सगळं आठवलं असावं, कारण तिनं हातातला घास खाली ठेवला.

"तुमचं कशानं चुकलं, आण्णा? तिथं बसले म्हणून तर हितवर आले."

"ते ऱ्हाऊ दे. उद्या मी त्या वळणावर डाव्या अंगाला उभा ऱ्हातो. डोंगराकडंला, गटारीपाशी. मला तुला डावीकडनं बघायचं हाय."

एवढं बोलून आण्णांनी ताटावर लक्ष घातलं, कारण दिवस मावळायला आला होता.

पाचव्या दिवशी शर्यत फलटणहून सुटली. आण्णा सकाळी आठपासून गटारीच्या काठावर उभे होते. बाळासो पलीकडच्या कठड्यावरून ओरडले, "आवं पावनं, तिथनं काय दिसणार? हिकडं या!" आण्णा हलले नाहीत.

साडेबाराच्या सुमाराला शिट्ट्या वाजल्या आणि वळणाखालच्या चढावर दोघी दिसल्या. पुढं निळी, मागं तांबडी. तांबडी उजवीकडेच होती. तिचं तोंड उघडं होतं, खांदे हलत होते, आणि एवढ्या लांबून आण्णांना कळलं, की आता तिला डोळ्यांपुढं काही धड दिसत नाहीये. नुसतं बघत राहणं त्यांना जमेना. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, हात उंच केला आणि एक बोट वर धरलं.

तांबडी सायकल हलली. आधी जराशी, मग ठरवून, ती संयोगिताच्या मागून पार डावीकडे आली.

संयोगितानं नऊ वर्षांच्या सवयीनं उजवीकडे सरकून कठड्याची वाट बंद केली. तिथं कुणी नव्हतं. ती उठायला म्हणून डावीकडे वळली, तर ती वाट आधीच गेली होती. तिनं मोकळी करून दिलेल्या डाव्या अंगानं स्वप्नाली उठली होती आणि आण्णांपासून हातभर अंतरावरून, त्यांच्याकडे न बघता, वर निघून गेली. एवढ्या जवळून, की तिचा श्वास त्यांना ऐकू आला.

पुढचं वळणाआड गेलं. आण्णा टोपी हातात घेऊन तसेच उभे. थोड्या वेळानं वरच्या कर्ण्यावरून नाव आलं, गावासकट आलं. पलीकडे बाळासो दुर्बीण टाकून नाचायला लागले.

"माजी हाय!" आण्णा ओरडले. "ती पोरगी माजी हाय!"

ते चालत वर पोचले तेव्हा दोघी रस्त्याच्या कडेला एकमेकींना टेकून बसल्या होत्या. स्वप्नालीनं 'आमचं आण्णा' म्हणताच संयोगिता उठली, त्यांच्या पाया पडली आणि वळणावर दिसलेली ती त्यांच्या हातातली टोपी तिनं स्वतः त्यांच्या डोक्यावर बसवली.

"काका, ही टोपी नऊ वर्सं कुठं हुती वो?"

"उसात," आण्णा म्हणाले.

"तिथंच ठिवायची हुती," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

समडोळीला परतल्यावर आण्णांनी किल्ली परत घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या ट्रॉल्या घेऊन ते फडाकडे निघाले. स्वप्नाली मागून सायकल काढते आहे एवढं त्यांनी पाहिलं होतं. सरळ रस्ता लागला. सवयीनं त्यांची नजर उजव्या आरशाकडे गेली. आरशात नुसताच रस्ता होता.

त्यांचा पाय ब्रेककडे गेलाच होता, तेवढ्यात डाव्या चाकाजवळून, जिथं पंधरा वर्षं आरसा नव्हता तिथून, हाक आली. "आण्णा, थांबू नगासा! मी हाय!" आणि ती ट्रॅक्टरच्या डाव्या अंगानं पुढं आली, पुढं गेली, वाऱ्यात गेली.

ट्रॅक्टरवर बसून आण्णांनी आजवर तिचं फक्त तोंडच पाहिलं होतं. पाठ आज पहिल्यांदा पाहिली. ती लहान लहान होत गेली, आणि वळणावर पोचल्यावर, मागं न बघता, तिनं एक बोट वर केलं.