वुबितची गोळी

वुबितच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: रक्त पातळ करणारी गोळी रोज, मरेपर्यंत. खाडा केलास तर झडपेवर रक्ताची गुठळी धरेल. अदिस अबाबामधल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं, कारण वुबित इंजेरा, म्हणजे आंबोळीसारखी भाकरी, विकता विकता गिऱ्हाइकांनाही ते ऐकवायची.

तरी गेल्या वर्षी तिने गोळ्या सोडल्या. तिच्या आईनेच गळ घातली. मरियममातेच्या झऱ्याचं पवित्र पाणी प्यायचं तर औषध चालत नाही, औषध म्हणजे अविश्वास, असं तिथे सगळेच म्हणतात. पंचावन्न दिवसांचा मोठा उपास संपायच्या आत वुबित झऱ्यावरच कोसळली. गुठळीने झडप अडकली होती आणि गुठळीचा एक तुकडा मेंदूत गेला होता. इस्पितळाने गुठळी विरघळवून जीव वाचवला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. आता ती तव्यावर पीठ डाव्या हाताने ओतते. इंजेरा वाकडा येतो. कुणी नाक मुरडलं तर म्हणते, "पोटात गेला की सरळ होतो. घे गुमान." मला ही बाई फार आवडते.

या वर्षी आई पुन्हा मागे लागली. "मरियमनेच वाचवलं तुला. नवस फेडायला हवा."

"येते. पण गोळी घेऊन."

आई रडली. शेवटी मीही सोबत गेले. पांढऱ्या शाली पांघरून आम्ही रांगेत उभ्या राहिलो. सगळे ज्याला अब्बा म्हणतात त्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याने पाण्याचा मग पुढे केला, तेवढ्यात वुबितने गोळी काढली.

"ए बाई! ती आधी फेक. पाण्याचा गुण जाईल."

"एवढ्याशा गोळीला देवाचं पाणी घाबरतं होय, अब्बा?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. आईने तिचं मनगट धरलं. "वुबित, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच सोडली होती ना, आई?"

आईचा हात सुटला. वुबितने गोळी जिभेवर टाकली, पाण्याचा मग हिसकावून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"चालती हो इथून!" सेवेकरी कडाडला.

"होते की. पण गोळीही पोटात गेली, पाणीही गेलं. आता दोन्ही वेगळी करून दाखवा."

सेवेकरी आईकडे बघू लागला. आईने लेकीच्या हातातला मग घेतला, सेवेकऱ्याला वळसा घालून तो झऱ्याखाली धरला आणि काठोकाठ भरून परत आणला.

"अजून पी," ती म्हणाली. "घशात चिकटली असेल."