लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काढलेले पैसे

ती घटना आठवायला मला डोकं खाजवावं लागत नाही. कुठल्याही एटीएमचं काचेचं दार ढकललं, आतला गार वारा तोंडावर आला, की ती आपणहून समोर येऊन उभी राहते. बायको म्हणते, "पैसे काढताना तोंड असं का करता? आपलेच आहेत ना?" मी म्हणतो, आहेत आपलेच. ते काढायला आपण आहोत, याचंच नवल वाटतं.

पण ही हकिगत सांगायची तर मेंढरांपासून सांगायला हवी.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून शहर पेटलेलं, जमावबंदी लागू, आणि मी नवाकोरा फौजदार क्रांती चौकात बंदोबस्ताला. शिट्टी, काठी आणि मिशी, तिन्ही नव्या. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही असा हुकूम होता. दुपारी रस्त्याच्या तोंडाशी धूळ उठली. मोर्चा आला असं समजून आमचे साहेब जीपवर चढले. धुळीतून बाहेर आली ती मेंढरं. मागे लाल पागोट्यातला धनगर, त्याच्या खांद्यावर कोकरू, आणि त्याच्याही मागे हातात काठी धरलेला त्याचा मुलगा.

"जमावबंदी आहे, कळत नाही?" साहेब गरजले.

"मला कळती साहेब," धनगर म्हणाला. "ह्यांना कोण सांगावं?"

"पास कुठाय?"

"कोणाचा काढू? एकेकाचा, का समद्यांचा मिळून?"

तेवढ्यात एका एडक्यानं आमच्या हवालदाराला मागून अशी धडक दिली, की त्याची टोपी समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसांत त्या चौकात कोणी हसत नसे. त्या दुपारी सगळे हसले. बंदी माणसांना आहे, मेंढरांना नाही, असा कायद्याचा अर्थ लावून मी कळप पलीकडे काढून दिला. धनगर जाताना म्हणाला, "साहेब, ध्यानात ठिवीन." पोलिसाला असं बरेच जण म्हणतात आणि पुढच्या वळणावर विसरतात. हा विसरला नाही.

पुढे बदल्या झाल्या, बढती झाली आणि मी निरीक्षक म्हणून पुन्हा त्याच शहरात आलो. शहर ओळखू येत नव्हतं. कारखाने वाळूज-चिकलठाण्यात मावेनात, म्हणून शेंद्र्याकडे नवी वसाहत उठली होती. धनगराची जमीन आणि चराईचं रान त्यात गेलं. मोबदला मिळाला, तो त्यानं क्रांती चौकाजवळच्या बँकेत ठेवला, स्वतःच्या आणि मुलाच्या नावावर. मुलगा आयटीआयला जाऊन फिटर झाला आणि एका एजंटामार्फत आखातात गेला. जाताना बँकेनं त्याला एक कार्ड दिलं. इथल्या खात्यातले पैसे त्या कार्डानं तिकडच्या यंत्रातूनही निघतात, असं बँकेतल्या बाबूनं समजावलं. धनगराला ते काही केल्या पटेना. "इथं ठिवलेलं तिकडं निघतं? मधल्या समुद्रात भिजत नाय का?" सगळी बँक हसली. मुलगा सगळ्यात जास्त हसला, असं बाबूनं मला नंतर सांगितलं.

एका वर्षी दिवाळी संपता संपता ठाण्याच्या दारातच भांडण ऐकू आलं. हवालदार आत आला. "साहेब, नवरा-बायको आहेत. म्हणतात, साहेबांनी आमची मेंढरं सोडली होती."

पागोटं तेच होतं, आतला माणूस वाळला होता.

"पोरगं हरवल्याची नोंद करायचीय," बाई म्हणाली.

"करायची नाय," तो म्हणाला. "हिचं डोस्कं फिरलंय साहेब. पोरगं हाय. दर म्हयन्याला पैसे काढायलंय."

मी दोघांना बसवलं, चहा मागवला आणि एकेकाला बोलायला लावलं. मुलगा दर आठवड्याला गावातल्या एसटीडी बूथवर फोन करायचा. पावसाळ्यापासून फोन बंद झाला. एजंटाच्या दुकानाला कुलूप. पण खात्यातून मात्र परदेशात पैसे निघत होते. बाप महिन्याला बँकेत जाऊन एवढंच विचारायचा, "काढले का?" बाबू म्हणायचा, "काढले." मग तो घरी येऊन बायकोला सांगायचा, "जेवलं पोरगं." खातं रोडावलं तेव्हा त्यानं उरलेली मेंढरं विकून त्यात भर घातली. मुलाला तिकडं कमी पडू नये म्हणून.

"मग माय, तुमचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"बँकेच्या बाबूनं सांगितलं, या बारीला लक्ष्मीपूजनाच्या दिशी काढले."

"बरं. मग?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मला आईच नसावी.

"त्या दिशी घरातली लक्ष्मी भायेर काढत्यात का साहेब?"

मी समजुतीच्या सुरात म्हणालो, तिकडं कसली आलीय दिवाळी, माणूस विसरतो.

"माझं लेकरू नाय इसरत. जाताना मीच बजावलं हुतं, वर्षातला तो येक दिस पैशाला शिवू नको. गेल्या दिवाळीला फोन करून सांगितलं त्यानं. म्हणला, माय, खिशात कवडी नव्हती, दिवसभर सोबत्याच्या चहावर राहिलो, पण यंत्राकडं बघितलं बी नाय." मग नवऱ्याकडे बघत म्हणाली, "ह्ये पैसे त्यानं नाय काढले. दुसरं कोणीतरी काढायलंय."

"गप," नवरा म्हणाला. एवढंच म्हणाला आणि स्वतःचा चहा तिच्यापुढे सरकवला.

मी नोंद घेतली. वरिष्ठांमार्फत, योग्य त्या मार्गाने, परदेशातल्या आपल्या दूतावासाला पत्र पाठवलं. आमच्या खात्यात योग्य मार्ग म्हणजे सर्वांत लांबचा मार्ग. बँकेनं विचारलं, कार्ड बंद करायचं का? बाप ताडकन उठला. "बंद करू नगा! मग तो खाईल काय?" मीही म्हणालो, चालू ठेवा. बापाचं कारण वेगळं होतं, माझं वेगळं. तेवढा एकच धागा हातात होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला एके सकाळी बँकेच्या मॅनेजरांचा फोन आला. 

"साहेब, ते कार्ड काल वापरलं गेलं."

"कुठल्या शहरात?"

"आपल्याच. आमच्याच दारातल्या मशीनमध्ये."

एका दिवसात ठरावीकच रक्कम निघते, म्हणून तो पुन्हा येईल असं धरून दुसऱ्या दिवशी सापळा लावला. साध्या वेशातले दोन शिपाई रसवंतीवर बसले. मशीनमध्ये ते कार्ड गेलं, की आतून बाबूनं सांगायचं आणि बँकेच्या पहारेकऱ्यानं बाहेर येऊन टोपी काढायची, अशी खूण ठरली. पण माझी सगळी गुप्तता एका माणसानं धुळीला मिळवली. ही बातमी बाबूनं बापाला सांगितली होती. बाप सकाळपासून एटीएमच्या दाराशी उभा, नवं पागोटं बांधून, हातात पेढ्यांचा पुडा.

"बाबा, बाजूला व्हा," मी दातओठ खात म्हणालो.

"पोरगं आलंय साहेब. रुसलं असंल, म्हणून घरी नाय आलं. इथं तर येईलच की."

"माय कुठाय?"

"ती नाय आली. म्हणली, कोण येणार नाय ते मला ठावं हाय."

रसवंतीवर बसून माझ्या शिपायांनी एवढा रस प्यायला, की त्याचं बिल मंजूर करताना मला वरून विचारणा झाली. दुपार कलली. झुळझुळीत शर्ट आणि गॉगल घातलेला एक तरुण आत गेला. पहारेकरी बाहेर आला. टोपी काढायची विसरला आणि नुसता टोपीकडे बोट दाखवत उभा राहिला. आम्ही उठलो. पण आमच्याआधी बाप पोचला. तरुण नोटा खिशात घालत बाहेर आला, तसा त्यानं त्याचा चेहरा निरखून पाहिला, मग त्याच्या हातातलं कार्ड पाहिलं. आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

"तू त्याचा सोबती व्हय? तो मागं राहिला का? सामान घेऊन यायलाय का?"

मी खूप आरोपी फुटताना पाहिले आहेत. कोणी दमदाटीनं फुटतो, कोणी चहा-बिडीनं. हा एवढ्या प्रश्नानं फुटला. तिथेच, काचेच्या दाराला पाठ टेकून खाली बसला. बाप त्याला पेढा द्यायला लागला.

चौकशीत फार काही करावं लागलं नाही. हा हर्सूलकडचा, चांगल्या शेतीवाडीच्या घरातला. आखातात हा आणि धनगराचा मुलगा एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे.

"कार्डाचा गुप्त नंबर कसा कळला?"

"बरोबरच जायचो साहेब मशीनवर. तो माझ्यासमोरच दाबायचा. म्हणायचा, तुझ्यापासून काय चोरायचं?"

मुलानं पहिलं काम सोडलं होतं, कारण पगार मिळत नव्हता. कागदपत्रं पहिल्या मालकाकडेच अडकली. मग दोघं एका ठेकेदाराकडे चोरून कामाला लागले. एका दुपारी गच्चीवर पाइप जोडताना मुलगा उन्हानं कोसळला, तो उठला नाही. नावाचा कागद नाही, पोलीस येतील या भीतीनं ठेकेदाराच्या माणसांनी त्याला गाडीत घालून नेलं. कुठं नेलं, ते यालाही माहीत नव्हतं. उशाखाली कार्ड राहिलं.

"घरी कळवलं का नाही?"

"रोज कळवणार होतो. बूथचा नंबर बी हुता माझ्याकडं. मग एकदा नड आली, म्हणून काढले. मग वाटलं, काढणं थांबलं तर घरच्यांना कळंल. तेवढंच त्यांना वाटतंय, पोरगं हाय म्हणून."

चोराला कारण सापडलं की तो साधू होतो. मी विचारलं, "तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पैसे बाहेर देतात का रे?"

"नाय साहेब. माझी आई तर त्या दिशी कोणाला हळद बी उसनी देत नाय."

"मग त्या दिवशी कसे काढलेस?"



"खोलीवर दिवाळीचं जेवण करायचं हुतं. माझ्याबी खात्यात पैसे हुते साहेब. पण लक्ष्मीच्या दिशी आपल्या खात्याला कसा हात लावायचा? म्हणून त्याचे काढले."

माझा रायटर लिहिता लिहिता थांबला. स्वतःची लक्ष्मी घरात राहावी म्हणून यानं मेलेल्या मित्राची बाहेर काढली होती. दोघांच्या आयांनी शिकवलेला नियम एकच. एकानं तो उपाशी राहून पाळला, दुसऱ्यानं असा पाळला.

आई-बापाला सांगायचं काम मी कोणावर ढकललं नाही. बाईनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ती दिवाळीपासून रडतच होती, फक्त आता आवाज फुटला. बाप मात्र माझ्याजवळ सरकला आणि हळूच, बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "साहेब, त्या पोराला सोडून द्या. परत जाऊ द्या तिकडं. म्हयन्याला थोडंथोडं काढत जा म्हणावं. माझी तक्रार नाय."

कार्ड जप्त झालं, खात्याला कुलूप लागलं आणि खटला उभा राहिला. मृताच्या मालमत्तेचा अपहार असं कलम मी लावलं होतं. आरोपीचे वकील हुशार होते. ते म्हणाले, मृत कोण? दाखला कुठाय? प्रेत कुठाय? दूतावासाचं उत्तर तर म्हणतं, अशी नोंद नाही. आरोपीनं पोलिसांच्या भीतीनं काहीतरी सांगितलं असेल. आमचा साक्षीदार, म्हणजे बाप, पिंजऱ्यात उभा होता. सरकारी वकिलांनी त्याला विचारलं, "तुमचा मुलगा वारला, हे खरं ना?"

त्यानं आरोपीच्या वकिलांकडे हात केला. "ह्ये साहेब बरोबर बोलायलेत," तो म्हणाला. "दाखला नाय."

इतक्या दिवसांत त्याच्या बाजूनं बोलणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता. कोर्टात कोणी हसलं नाही. कलम टिकलं नाही. नुसत्या फसवणुकीवर त्या तरुणाला किरकोळ शिक्षा झाली, ती भोगून तो सुटलाही. मुलगा आमच्या कागदांवर अजून हरवलेला आहे.

नोकरीभर मी हाताखालच्यांना सांगत आलो, माणसं खोटं बोलतात, पुरावा खोटं बोलत नाही. या प्रकरणानंतर ते वाक्य माझ्या तोंडातून पुन्हा निघालं नाही. पैसे निघाले, हा पुरावाच होता. त्यातून बापानं मुलाचं जगणं वाचलं आणि आईनं त्याच तारखेतून मरण. आई बरोबर ठरली, आणि बरोबर ठरून तिला काय मिळालं? आम्ही पोलीस गुन्हा उघडकीला आणला म्हणतो. काय उघडं केलं आणि कोणासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

पुढची दिवाळी झाली. पाडवा, भाऊबीज उलटून बँका उघडल्या, त्या दिवशी मी काही कामानं क्रांती चौकात होतो. बाप बँकेतून बाहेर येताना दिसला. मला पाहून पायऱ्या उतरायच्या घाईत अडखळला. चेहरा असा फुललेला, जसा मी त्या मेंढरांच्या दुपारनंतर पाहिला नव्हता.

"साहेब, आत इचारून आलो. बाबूला म्हणलं, औंदा लक्ष्मीच्या दिशी काढले का?"

 कार्ड कोर्टाच्या पाकिटात होतं. खातं बंद होतं.

"नाय काढले!" त्यानं माझा दंड धरला. "येक रुपाया नाय. म्हणजे पोरगंच हाय का नाय साहेब? दुसरा असता तर काढले असते. त्यानं शिवलं बी नाय."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"व्हय," मी म्हणालो.