फिकट रेघांचा मेमो

कचेरीत तिला सगळे नकाशेबाई म्हणत. जमीनमोजणीचे नकाशे काढण्यात सव्वीस वर्षं गेली, पण तिच्या रेघेला कुणी नावं ठेवली नव्हती. मग नव्या साहेबांनी सगळ्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घातलं आणि दुसऱ्याच दिवसापासून तिचे छापील नकाशे बिघडले. हद्दीची रेघ तुटक, तीनाचा आकडा आठासारखा, सगळं कसं धुऊन निघाल्यागत फिकट. साहेबांनी चौकशी न करता मेमो काढला: कामात हलगर्जीपणा.

"प्रिंटरचं काही असेल," ती म्हणाली.

"प्रिंटर नवा आहे. जुनं या खोलीत दुसरंच काही आहे," साहेब मान वर न करता म्हणाले.

शेजारचा कारकून फिस्सकन हसला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विचारण्यासारखं माणूस एकच होतं, घरातली सून. ती कॉम्प्युटरचीच कामं करायची. पण सुनेने न कळवता ओट्याखालची कपाटं हलवल्यावरून दोघींमध्ये चार महिने विस्तव जात नव्हता. संध्याकाळी बाईंनी दोन नकाशे सुनेपुढे टाकले.

"हे असं का येतं?"

सुनेने नकाशे उजेडात धरले. "प्रिंटरचं बटण दाबून त्याचं स्वतःचं चाचणीपान काढलंत?"

"नाही."

"मग काढा. ते स्वच्छ आलं तर यंत्र ठणठणीत आहे. दोष ड्रायव्हरचा. म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्यामार्फत प्रिंटरशी बोलतो, त्या प्रोग्रामचा. लिनक्सने मनानेच कुठलातरी सरसकट चालणारा लावला असेल."

"लिहून दे."

"दोनदा सांगायला मला वेळ नाहीच," म्हणत सुनेने कागद ओढला आणि खरडून दिलं.

सकाळी चाचणीपान केसासारख्या बारीक रेघांसकट स्वच्छ आलं. बाईंनी सेटिंग उघडलं. सुनेने लिहिलं होतं तेच निघालं: ड्रायव्हर भलताच, छपाईची क्वालिटी कच्च्या प्रतीची, टोनर म्हणजे शाईची पूड वाचवणं चालू. बाईंनी यादीतून प्रिंटरच्या मॉडेलचा ड्रायव्हर निवडला, रेझोल्यूशन म्हणजे छपाईची बारकाई सर्वांत वरची केली, टोनरची काटकसर बंद केली. मग तोच नकाशा पुन्हा छापला. तीन तीनच होता.

दोन्ही प्रती आणि मेमो तिने साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"वाहवा, जमलं की तुम्हाला," साहेब म्हणाले.

"तुम्ही घातलेल्या लिनक्सने भलताच ड्रायव्हर लावला होता, तो मी काढला. हा मेमो मागे घेतल्याचं लिहून द्या."

"बाई, एवढं कशाला ताणता?"

"लिहून द्या. बाकीच्या कॉम्प्युटरांवरही तोच ड्रायव्हर आहे, तोवर त्यांचं मी काही करणार नाही."

साहेबांनी लिहून दिलं. सही इतक्या जोरात केली की कागद फाटला.

घरी सुनेने दार उघडलं. "झालं?"

"झालं."

"मला फोन करून कळवलं असतं तर काही बिघडलं नसतं."

"कळवायची रीत कुठे आहे या घरात? कपाटं तरी कळवून हलवलीस?" बाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.